बालीचा एकखांबी तंबू

२९ मार्च २०२५ रोजी इंडोनेशियातील बाली बेटाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ चोवीस तास बंद होता. ना संप होता, ना अपघात, ना ज्वालामुखीचा उद्रेक. शके १९४७ चा तो पहिला दिवस होता आणि बालीचा समाज ‘न्येपी’ पाळत होता. न्येपी म्हणजे मौनाचा दिवस. त्या दिवशी चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी कामाला जात नाही, कुणी घराबाहेर पडत नाही. रस्त्यांवर गावाने नेमलेले रखवालदार तेवढे फिरतात. लक्षावधींचा खर्च करून आलेल्या परदेशी पाहुण्यालाही हॉटेलाच्या आवारातच बसून राहावे लागते. २०१८ पासून त्या दिवशी मोबाइलवरचे इंटरनेटही बंद ठेवले जाते. दुसऱ्याच दिवशी, ३० मार्चला, महाराष्ट्राच्या दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या. त्याही शके १९४७ च्या स्वागतासाठीच. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी एकाच कालगणनेचे वर्ष एका दिवसाच्या अंतराने सुरू केले, ही मराठी माणसाला सुखावणारी गोष्ट आहे.

परंतु या दिवसाचा अर्थ केवळ सांस्कृतिक नाही. ज्या बेटाची रोजीरोटी विमानातून उतरणाऱ्या माणसांवर चालते, ते बेट वर्षातून एक दिवस स्वखुशीने विमाने थांबवते. ‘आमच्या जगण्याचे नियम आम्ही ठरवतो’ असे सांगण्याचे हे धैर्य आहे. उरलेल्या ३६४ दिवसांचे नियम मात्र कोण ठरवते, हा प्रश्न आज बालीतील विचारी माणसांना अस्वस्थ करतो आहे. बालीच्या अर्थकारणाचा ताळेबंद मांडायचा तर तो याच प्रश्नापासून मांडावा लागतो.

पाहुणा आला कसा?

बाली क्षेत्रफळाने आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडेच मोठे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४३ लाख. त्यांतील दर पाच जणांपैकी चारांहून अधिक जण हिंदू. जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात हा एक प्रांत आपली देवळे, आपले यज्ञ आणि आपली ग्रामरचना सांभाळून उभा आहे. ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. १९०६ मध्ये बादुंग आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंग येथील राजघराण्यांनी डच तोफांसमोर शरण जाण्याऐवजी ‘पुपुतान’ पत्करले, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत लढून मरण पत्करले. स्वतंत्र इंडोनेशियात हिंदू धर्माला शासकीय मान्यता मिळवण्यासाठीही बालीच्या नेत्यांना झगडावे लागले. ती मान्यता १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिळाली.

पर्यटनाचा प्रारंभ मात्र त्याच डचांच्या हातून झाला. रक्तपाताची अपकीर्ती पुसण्यासाठी त्यांनी बालीचे एक ‘जिवंत संग्रहालय’ म्हणून चित्र रंगवले. डच जहाज कंपनीने प्रवासी आणायला सुरुवात केली आणि १९२८ मध्ये देनपसार येथे ‘बाली हॉटेल’ उघडले. स्वातंत्र्यानंतर जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशातून सानुरच्या किनाऱ्यावर बहुमजली ‘बाली बीच हॉटेल’ उभे राहिले. ते १९६६ मध्ये सुरू झाले. १९६३ मध्ये आगुंग पर्वताच्या उद्रेकाने आणि पाठोपाठ १९६५-६६ च्या राजकीय हत्याकांडाने बेट होरपळून निघाले होते. त्या राखेवर पर्यटनाची इमारत चढली. १९६९ मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. डचांशी लढताना १९४६ मध्ये धारातीर्थी पडलेल्या गुस्ती न्गुराह राय यांचे नाव त्याला आहे. परकीयांना रोखताना ज्याने देह ठेवला, त्याच्या नावाच्या दारातून आज परकीयांचे लोंढे उतरतात. इतिहासाचा हा योगायोग विलक्षणच म्हणायचा.

पर्यटनाला वळण लावण्याचा प्रयत्न बालीने केला नाही, असे मात्र नाही. १९७०च्या दशकात फ्रेंच सल्लागारांनी आखलेल्या योजनेनुसार मोठी हॉटेले दक्षिणेच्या नुसा दुआ या कोरड्या भूशिरावर एकवटायची, गावांना त्यांचा उपद्रव होऊ द्यायचा नाही, असे ठरले. १९७४ मध्ये प्रांताने ‘सांस्कृतिक पर्यटन’ हे धोरण कायद्याने स्वीकारले. या काळातील महत्त्वाचे नाव म्हणजे इदा बागुस मंत्र. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात विद्याध्ययन करून परतलेले हे विद्वान १९७८ ते १९८८ या काळात बालीचे राज्यपाल होते आणि पुढे भारतात इंडोनेशियाचे राजदूत म्हणूनही आले. १९७९ मध्ये त्यांनी बाली कला महोत्सव सुरू केला. तो पाहुण्यांसाठी नव्हे, प्रामुख्याने बालीकरांसाठीच होता. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनीच गावोगावी ग्रामसमाजाच्या मालकीच्या पतसंस्था उभ्या करण्याची योजना आणली. संस्कृती टिकायची तर तिच्याखाली गावाच्या मालकीचे अर्थकारण हवे, ही त्यांची दृष्टी होती. आज त्या दृष्टीची आठवण होते ती उगाच नव्हे.

दोन धक्के

पर्यटनाने बालीला समृद्धी दिली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दोन पिढ्यांपूर्वी जेथे उपासमार होती, तेथे आज शाळा, रस्ते, दवाखाने आहेत. शेतकऱ्याची मुलगी शिकून हिशेबनीस झाली आहे. पण हा तंबू एकाच खांबावर उभा आहे, याची जाणीव बालीला दोनदा करून देण्यात आली.

पहिला धक्का १२ ऑक्टोबर २००२ चा. जेमा इस्लामिया या दहशतवादी संघटनेने कुता येथील गजबजलेल्या वस्तीत घडवलेल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसे मृत्युमुखी पडली. १ ऑक्टोबर २००५ ला पुन्हा स्फोट झाले. हॉटेले ओस पडली, टॅक्सीवाले, मूर्तिकार, विणकर, सगळ्यांच्या घरी चूल थंडावली. तशा स्थितीतही बालीचा समाज सूडाला प्रवृत्त झाला नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये स्फोटाच्या जागी महाशुद्धीचा विधी झाला, मृतांसाठी प्रार्थना झाली आणि लोक कामाला लागले. परक्या माणसानेही नतमस्तक व्हावे असा तो संयम होता.

दुसरा धक्का अधिक खोल होता. २०१९ मध्ये बालीत ६२ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. त्या वर्षी प्रांताच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे २३ टक्के वाटा केवळ निवास आणि भोजन या व्यवसायाचा होता. त्यावर अवलंबून असलेली वाहतूक, हस्तकला, बांधकाम, किरकोळ व्यापार यांची गणना केली तर हा वाटा कितीतरी वाढतो. एप्रिल २०२० पासून कोरोनामुळे सीमा बंद झाल्या. संपूर्ण २०२१ या वर्षात बालीत थेट उतरलेल्या परदेशी पर्यटकांची अधिकृत संख्या शंभराच्या आत होती. लाखांत नव्हे, हजारांत नव्हे, मोजून काही डझन! २०२० मध्ये इंडोनेशियाची अर्थव्यवस्था सुमारे दोन टक्क्यांनी आक्रसली, तर बालीची नऊ टक्क्यांहून अधिक. देशातील सर्व प्रांतांत ही घसरण सर्वांत मोठी होती. २०२१ मध्येही घसरण थांबली नाही.

त्या दिवसांत बालीला कुणी तारले? हॉटेलांच्या साखळ्यांनी नाही. काम सुटलेला तरुण गावी परतला. ज्याच्या घरची जमीन अजून विकली गेली नव्हती, त्याने ती कसायला घेतली. नुसा लेंबोंगान या छोट्या बेटावर पर्यटनाच्या भरात सोडून दिलेली समुद्री शैवालाची शेती लोकांनी पुन्हा सुरू केली. ‘बंजार’ म्हणजे वस्तीची पारंपरिक सभा. या बंजारांनी घरोघरी तांदूळ पोहोचवला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात जिला ‘मागास’ म्हटले जाते, ती ग्रामव्यवस्थाच संकटात आधाराला उभी राहिली. आणि ज्याने जमीन विकून मोटार घेतली होती, त्याच्याकडे परतायला गाव होते, पण शेत नव्हते.

पैसा येतो, थांबतो कुठे?

आकडे आता पूर्ववत झाले आहेत. २०२३ मध्ये ५२ लाखांहून अधिक, तर २०२४ मध्ये सुमारे ६३ लाख परदेशी पर्यटक बालीत आले. इंडोनेशियातूनच येणाऱ्यांची संख्या साधारण एक कोटी. अर्थव्यवस्था दोन्ही वर्षी पाच टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. तेव्हा सारे ठीक झाले, असे म्हणायला हरकत नसावी. पण एक आकडा या चित्रावर पाणी ओततो. २०२५ साठी बाली प्रांताचे किमान मासिक वेतन ठरले होते सुमारे ३० लाख रुपिया, म्हणजे भारतीय चलनात अंदाजे सोळा हजार रुपये. त्याच वर्षी राजधानी जाकार्ताचे किमान वेतन होते सुमारे ५४ लाख रुपिया. जगातील धनवान माणसे जेथे सुट्टी घालवायला येतात, तेथील कामगाराचे वेतन राजधानीतील कामगाराच्या निम्म्याहून थोडेच अधिक!

याचे कारण पैशाच्या प्रवासात आहे. मोठ्या हॉटेलाचे भांडवल जाकार्ताचे किंवा परदेशाचे, व्यवस्थापन आंतरराष्ट्रीय साखळीचे, आरक्षण परदेशी संगणकप्रणालीवर, मद्य आयात केलेले, फळेसुद्धा पुष्कळदा बाहेरची. पाहुणा शंभर रुपये खर्च करतो, त्यांतील किती गावात उरतात? पगार, फुटकळ खरेदी आणि नर्तकांच्या मंडळाला मिळणारी बिदागी. बालीत रोज देवापुढे ठेवल्या जाणाऱ्या नैवेद्याच्या परडीसाठी नारळाची कोवळी झावळी लागते. ती झावळीदेखील आता मोठ्या प्रमाणात जावा बेटावरून होडीने येते. नारळी-पोफळीच्या बेटाला देवाची परडी विणायला बाहेरून झावळ्या आणाव्या लागाव्यात, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

जमिनीचा प्रश्न तर याहून गंभीर. इंडोनेशियाच्या १९६० च्या कृषी-भूमी कायद्याने परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही. कायद्यातून वाटा काढल्या जातात. पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा होतो, तो आगाऊ वाढवला जातो. कधी स्थानिक माणसाचे नाव पुढे करून व्यवहार होतो. चांग्गू हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी भातशेतीचे गाव होते. आज तेथे व्हिला, कॉफीगृहे आणि संगणकावर काम करणाऱ्या परदेशी तरुणांच्या वसाहती आहेत. शेतकऱ्याचे गणित साधे असते. शेजारी व्हिला उभा राहिला की जमिनीचा भाव चढतो, भावाबरोबर कर चढतो, पाण्याचा पाट तुटतो आणि भाताचे उत्पन्न मात्र तेवढेच राहते. तो जमीन विकतो तेव्हा त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. पण त्याला विकायला भाग पाडणारी व्यवस्था कुणी उभी केली, हेही पाहायला हवे. पुढच्या पिढीचा तरुण मग परदेशी प्रवासी जहाजावर नोकरी धरतो. गोव्याच्या तारवट्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. ज्याच्या बेटावर जग चाकरीला माणसे शोधत येते, त्याने चाकरीसाठी जगाच्या समुद्रावर भटकावे, हा या समृद्धीचा विरोधाभास आहे.

देवळातून वाहणारे पाणी

बालीचे सौंदर्य म्हणजे डोंगरउतारावरच्या भातखाचरांच्या पायऱ्या, असे समीकरण आता जगभर झाले आहे. त्या पायऱ्या निसर्गाने केलेल्या नाहीत. त्यांच्यामागे ‘सुबाक’ नावाची सुमारे हजार वर्षांची सहकारी पाटबंधारे व्यवस्था आहे. एका प्रवाहावर शेती करणारे सारे शेतकरी मिळून एक सुबाक होतो. त्याचा प्रमुख शेतकऱ्यांनीच निवडायचा. पाणी कुणाला किती, पेरणी कधी, शेते केव्हा पडीक ठेवायची, हे सभेत ठरते आणि सभा भरते ती पाण्याच्या देवळात. या देवळांची परंपरा थेट बातुर सरोवराच्या देवतेच्या मंदिरापर्यंत जाते. त्रि हित करण, म्हणजे देव, माणूस आणि निसर्ग यांच्याशी सुसंवाद, हे संस्कृत शब्दांतले सूत्र बालीत या रीतीने पाटाच्या पाण्यातून वाहते.

हे सारे भाबडे कर्मकांड आहे, असे १९७०च्या दशकातील तज्ज्ञांना वाटले. हरित क्रांतीच्या धोरणानुसार शेतकऱ्यांना देवळाचे वेळापत्रक सोडून जमेल तितकी पिके घेण्यास सांगण्यात आले. काही वर्षांतच पाण्याची भांडणे आणि किडींचा प्रादुर्भाव यांनी शेती जेरीस आली. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने दाखवून दिले की, देवळाचे वेळापत्रक म्हणजे पाणी आणि कीड या दोहोंवरचा अचूक तोडगा होता. सारा परिसर एकाच वेळी पडीक राहिला की किडीला खाद्य उरत नाही आणि पाण्याची मागणीही विभागली जाते. कुणा एका अभियंत्याने न आखलेली ही रचना अनेक पिढ्यांच्या अनुभवाने घडली होती. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकच्या सुमारे १९,५०० हेक्टर प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

परंतु दर्जा मिळाला म्हणजे संरक्षण मिळाले असे नाही. आज सुबाकला धोका आहे तो खतांच्या धोरणाचा नव्हे, तर जलतरण तलावांचा. व्हिला आणि हॉटेले खोल विंधनविहिरींतून पाणी उपसतात, किनाऱ्यालगत भूजलात खारेपण शिरते, पाटाच्या वाटेवर भिंती उभ्या राहतात. एक खाचर विकले गेले की खालच्या दहा खाचरांचे पाणी अडते. दर वर्षी शेकडो हेक्टर शेतजमीन अशी बांधकामाखाली जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये बालीत महापूर आला आणि देनपसारसह अनेक ठिकाणी पंधराहून अधिक माणसे दगावली. पाऊस अतिरेकी होता हे खरे. पण पाणी मुरवणारी शेते सिमेंटखाली गेली आणि नद्यांच्या काठावर घरे चढली, हेही तितकेच खरे होते.

डिसेंबर २०२५ मधील एक प्रसंग तर सारी कहाणी थोडक्यात सांगतो. जातिलुविह हे वारसास्थळातील सर्वांत प्रसिद्ध गाव. तेथील खाचरांतील काही नियमबाह्य बांधकामांवर प्रशासनाने कारवाई केली, तेव्हा रागावलेल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्याच हिरव्या शेतांत पत्रे उभे करून ते विलोभनीय दृश्य पर्यटकांसाठी बिघडवून टाकले. नियम मोडणे योग्य नव्हे, हे निर्विवाद आहे. पण त्या पत्र्यांमागचा सवाल दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या दृश्यासाठी जग तिकीट काढते, ते दृश्य चिखलात उभे राहून घडवणाऱ्याच्या पदरात काय पडते?

‘पर्यटनानेच संस्कृती टिकवली’

या सगळ्यावर एक प्रतिवाद नेहमी केला जातो, आणि तो विचारात घ्यायला हवा. पर्यटन नसते तर बालीची नृत्ये, काष्ठशिल्पे, गामेलान वाद्यवृंद केव्हाच लोपले असते. पाहुण्याच्या पैशानेच देवळांचे जीर्णोद्धार झाले, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे अनेक लोककला आश्रयाअभावी मेल्या, तशी वेळ बालीवर आली नाही. बालीच्या समाजानेही शहाणपणा दाखवून देवळाच्या गाभ्यातील पवित्र नृत्ये आणि पाहुण्यांपुढे करायची नृत्ये यांच्यात १९७१ मध्येच भेद केला.

पण या युक्तिवादात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. पाहुणे आले म्हणून संस्कृती टिकली नाही. संस्कृती जिवंत होती म्हणून पाहुणे आले. समुद्र आणि वाळू तर उष्ण कटिबंधातील शेकडो बेटांवर आहे. बालीचे वेगळेपण तिच्या गावांत आहे, आणि गाव उभे आहे ते शेत, पाट, देऊळ आणि बंजार या चार खुंटांवर. पर्यटन ही त्या झाडाची फळे आहेत, मुळे नव्हेत. फळांच्या विक्रीच्या नादात मुळे तोडली तर बाजारही फार काळ चालत नाही, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

उद्याचे चित्र

बाली हातावर हात ठेवून बसलेला नाही, ही आशेची बाब आहे. बेनोआ उपसागरात भराव घालून नवी पर्यटननगरी उभारण्याच्या योजनेविरुद्ध २०१३ पासून तरुण, कलावंत आणि पारंपरिक ग्रामसभा एकत्र आल्या. अनेक वर्षांच्या शांततामय आंदोलनानंतर २०१९ मध्ये तो उपसागर संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून घोषित झाला. त्याच वर्षी ‘देसा आदात’ म्हणजे पारंपरिक ग्रामसमाजाचे स्थान बळकट करणारा प्रांतिक कायदा झाला आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी लागू झाली. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया, म्हणजे साधारण दहा डॉलर, इतका आकार संस्कृती आणि पर्यावरण यांच्या रक्षणासाठी घेतला जातो. जुलै २०२५ मध्ये बिंगिन किनाऱ्यावरील कड्यावरची अनधिकृत बांधकामे पाडण्यात आली. महापुरानंतर राज्यपाल वायान कोस्तेर यांनी शेतजमिनीवर नवी हॉटेले-उपाहारगृहे होऊ न देण्याचा निर्धार जाहीर केला.

घोषणा आणि अंमलबजावणी यांतील अंतर भारतीय वाचकाला समजावून सांगायला नको. आकार सर्वांकडून वसूल होत नाही, बांधकामबंदीला पळवाटा असतात, पर्यटनाच्या करावर चालणाऱ्या स्थानिक प्रशासनाला हॉटेलाची परवानगी नाकारणे जिवावर येते. दक्षिणेकडील बादुंग श्रीमंत आणि पूर्वेकडील कारांगासेम, उत्तरेकडील बुलेलेंग मागे, हा असमतोल कायम आहे. त्यावर उपाय म्हणून उत्तरेस दुसरा विमानतळ आणि पश्चिमेकडून द्रुतगती मार्ग अशा योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. पण दक्षिणेत झालेली चूक उत्तरेत पुन्हा करणे म्हणजे विकासाचे विकेंद्रीकरण नव्हे, तर दोषाचे विकेंद्रीकरण ठरेल.

खरा मार्ग दुसरा खांब रोवण्याचा आहे, आणि त्याची सामग्री बालीच्या घरातच आहे. किंतामणी येथील कॉफीला २००८ मध्ये इंडोनेशियातील पहिले भौगोलिक मानांकन मिळाले. आमेद गावच्या मिठालाही तसे मानांकन आहे. हॉटेलांनी तांदूळ, भाजी, मीठ, कॉफी स्थानिक शेतकऱ्यांच्या संघाकडून घेणे बंधनकारक झाले, पर्यटनकराचा ठरावीक हिस्सा थेट सुबाकला पाणी आणि निसर्ग राखण्याचा मोबदला म्हणून मिळाला, आणि पाहुण्यांच्या संख्येऐवजी गावात उरणाऱ्या पैशावर यश मोजले गेले, तर चित्र पालटू शकते. इदा बागुस मंत्र यांनी पाहिलेले स्वप्न याहून वेगळे नव्हते.

आपल्या अंगणात

बालीची ही कहाणी वाचून हळहळण्यापुरती नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बालीला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियापाठोपाठ भारतीयांचा क्रमांक होता. २०२४ मध्ये पाच लाखांहून अधिक भारतीय तेथे गेले. पुण्या-मुंबईच्या नवविवाहितांना बाली हे ‘स्वस्तातले परदेश’ म्हणून ठाऊक झाले आहे. देवळाच्या पायरीवर छायाचित्रापुरते थांबायचे आणि पुढच्या किनाऱ्यावर पळायचे, ही पद्धत आपल्याला शोभणारी नाही. त्या भूमीशी आपले नाते असेल, तर ते आचरणातून दिसायला हवे. गावातील घरी मुक्काम, स्थानिक कारागिराकडून खरेदी, मंदिरातील वस्त्रनियमांचा आदर, पाण्याचा मितव्यय एवढे तरी प्रत्येक कुटुंबाला करता येते.

दुसरी गोष्ट घराजवळची. गोव्याचे अर्थकारण खाण आणि पर्यटन या दोन खांबांवर होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, काही काळाने सुरू झालेल्या त्याच खाणींचे ८८ भाडेपट्टे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि सारा भार दुसऱ्या खांबावर आला. २०१९ मध्ये गोव्यात नऊ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. २०२४ मध्ये ती संख्या पावणेपाच लाखांच्या आत राहिली. देशी पर्यटकांची गर्दी वाढली, पण तिच्याबरोबर डोंगर आणि शेते यांवरील बांधकामेही वाढली. सिंधुदुर्गाला तर १९९७ मध्येच ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून घोषित करण्यात आले. मालवण, वेंगुर्ले, देवगड येथील माणूस अजून आपल्या आंब्याच्या बागेचा आणि होडीचा मालक आहे. ही मालकी हेच त्याचे खरे भांडवल होय. सातबारा विकून मिळालेल्या पैशावर एक पिढी चैन करते, दुसरी त्याच जागेवरच्या हॉटेलात वेटर होते. बालीच्या चांग्गूने हे दाखवून दिले आहे. कोकणातील ग्रामपंचायतींनी, देवस्थानांनी आणि सहकारी संस्थांनी हा धडा वेळेवर गिरवायला हवा.

पाहुण्याला देव मानण्याची आपली रीत आहे. पण पाहुण्याच्या पानात वाढायला आपल्या शेतातला भात आणि आपल्या विहिरीचे पाणी असावे लागते, तरच त्या आतिथ्याला मान असतो. न्येपीच्या रात्री बालीत एकही दिवा नसतो; त्या काळोखात आकाश इतके स्वच्छ दिसते की आकाशगंगा उघड्या डोळ्यांनी पाहता येते. त्या एका रात्री ते बेट कुणाचे नसते, फक्त बालीकरांचे असते. ती एक रात्र राखण्याची हिंमत ज्या समाजाकडे आहे, त्याच्याकडे उरलेले दिवसही परत मिळवण्याची ताकद असायला हवी. तसे झाले, तर येणारी शके १९५० ची पहाट बालीसाठी नव्या गणिताची असेल, आणि कोकणाला त्यातून शिकता येईल.